भोक डावीकडे, नळी उजवीकडे

संस्थेतली मुलं सरांना पाठीमागे 'हरकतनाही' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि त्यांची त्याला हरकत नव्हती, हे वेगळं सांगायला नकोच. पदार्थविज्ञान शिकवता शिकवता केस पांढरे झालेला हा माणूस आजवर कुणालाही तोंडावर 'नाही' म्हणालेला नव्हता. न्हाव्यानं विचारावं, "एवढे पुरे की अजून काढू?" आणि सरांनी आरशात न बघताच म्हणावं, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." त्यामुळे वर्षातले बरेच महिने ते नुकतेच दुखण्यातून उठल्यासारखे दिसत. लग्न ठरताना 'मुलगी पसंत आहे ना?' असं विचारल्यावरही ते "काही हरकत नाही" असंच म्हणाले होते. त्या वाक्याला सरांच्या बायकोनं अजून माफी दिलेली नाही.

अशा माणसाच्या हाती तीन देशांचा संयुक्त प्रकल्प सोपवावा, ही कल्पना संचालकांची. प्रकल्पाचं नाव 'उदयोन्मुख राष्ट्रांमधील विज्ञान व तंत्रज्ञान सहकार्य'. रंगाऱ्यानं ते सरांच्या खोलीबाहेरच्या पाटीवर लिहायला घेतलं, तर 'सहकार्य' हा शब्द पाटीवर मावेना. तो त्यानं शेजारच्या भिंतीवर लिहिला. पुढे भिंतीला चुना लावला तेव्हा तेवढाच शब्द गेला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कल्पना मात्र चांगली होती. श्रीमंत देश आपल्यासाठी यंत्रं बनवतात ती त्यांच्याकडच्या हवेला आणि त्यांच्याकडच्या न जाणाऱ्या विजेला बेतलेली असतात. मग ज्यांच्याकडे ऊन सारखंच कडक आहे आणि वीज सारखीच लहरी आहे, अशा तिघांनी मिळून आपलं यंत्र आपणच का बनवू नये? यंत्र म्हणजे लशी ठेवायची थंड पेटी, उन्हावर चालणारी. पेटी एका बेटांच्या देशात व्हायची, तिथल्या एक इंजिनिअर बाई ती बघणार होत्या. तिला थंड करणारा कॉम्प्रेसर एका डोंगराळ देशातले प्राध्यापक करणार होते. सोलर पॅनेलं आपली, आणि सगळं एकत्र जोडून चालवून बघायचं कामही आपलं. म्हणजे सरांचं.

संचालकांनी विचारलं तेव्हा सर नेहमीसारखं "काही हरकत नाही" म्हणाले खरे. पण या वेळी त्यांना ते काम मनापासून हवं होतं. त्याला कारण त्यांची धाकटी बहीण.

धाकटी गावाबाहेरच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. दवाखान्यात एक जुना फ्रीज होता, आणि धाकटीचा एक कान सदैव त्या फ्रीजच्या घरघरीवर असे. बाळाला तपासत असो, आयांशी बोलत असो, घरघर थांबली की ती बोलता बोलता थांबायची. वीज लवकर आली तर ठीक. नाही आली तर संध्याकाळी सरांचा फोन वाजायचा. "दादा, आज पुन्हा टाकून दिल्या." एवढंच. मग ती घरातल्यांची चौकशी करायची, वहिनीची कंबर कशी आहे विचारायची आणि फोन ठेवायची. 

तर, पहिली बैठक. ती पडद्यावर भरली. तिघंही तिघांनाही परकी असलेल्या भाषेत, एकमेकांचे शब्द सांभाळून घेत बोलत होते. बाईंच्या मागे समुद्र होता आणि प्राध्यापकांच्या मागे बर्फ. सरांच्या मागे वाळत टाकलेला टॉवेल होता, जो त्यांना बैठक संपल्यावर दिसला.

दोन्ही आराखडे समोर आले आणि अडचण लगेच कळली. पेटीच्या पायथ्याशी कॉम्प्रेसर बसायला कोनाडा होता. नळी आत घ्यायचं भोक कोनाड्याच्या उजव्या अंगाला होतं, तर कॉम्प्रेसरची नळी निघत होती डाव्या अंगाने. कॉम्प्रेसर फिरवून बसवायची सोय नव्हती, कारण मग त्याचा गरम वारा पेटीवरच येणार. कुणीतरी एकानं बदलायला हवं होतं.

"आम्हाला बदलायला काहीच अडचण नाही," बाई म्हणाल्या.

"छे, छे! आम्हालाही काही अडचण नाही," प्राध्यापक म्हणाले.

"तुमच्या सोयीप्रमाणे करू."

"नाही, तुमच्या सोयीप्रमाणे."

सर भारावून गेले. जगात इतकी चांगली माणसं आहेत, आणि तीही वेगवेगळ्या वेळेला सूर्य उगवणाऱ्या देशांत! आता खरं तर सरांनी म्हणायचं होतं, 'बाई, तुम्ही बदला. प्राध्यापक, तुम्ही बदलू नका.' प्रमुख म्हणून त्यांना नेमलं होतं ते त्याचसाठी. पण एकाला बदला म्हणायचं म्हणजे दुसऱ्याचं वरचढ ठरवायचं. एवढ्या सज्जन माणसांत असली लावालावी कशाला? सर म्हणाले, "आपण सगळे समजूतदार आहोत. आपसात बघालच." मग तिघांनी एकमेकांचे आभार मानले, पुन्हा मानले, आणि कुणी आधी पडदा बंद करायचा यावरही बराच वेळ आग्रह चालला.

पुढे माल आला, आणि कस्टम्समध्ये अडकला.

कस्टम्सचे साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं. "हे काय आहे? फ्रीज की शास्त्रीय उपकरण?"

"जोडल्यावर फ्रीज होईल," सर म्हणाले.

"मग थंड करून दाखवा."

"जोडल्याशिवाय कसं करणार? आणि तुम्ही सोडल्याशिवाय जोडणार कसं?"

"बरोबर आहे," साहेब सहानुभूतीनं म्हणाले. "म्हणजे आज हा फ्रीज नाही. मग उपकरण समजू. उपकरण काहीतरी मोजतं. हे काय मोजतं?"

सरांनी पेटीकडे पाहिलं. पेटी काहीच मोजत नव्हती. सर रोज जात, बाकावर बसत, आणि साहेब रोज त्यांना चहा देऊन तोच प्रश्न विचारत. शेवटी सरांचा पडलेला चेहरा बघून साहेबांनाच दया आली. "प्रोफेसरसाहेब, घरात ताप बघायचा थर्मामीटर असेल ना? तो चिकटवा हिला. मोजेल काहीतरी." आयुष्यभर मोजमापांतली अचूकता शिकवलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी कंबरेइतक्या उंच पेटीला नातीचा थर्मामीटर चिकटपट्टीनं लावला, साहेबांनी तो वाचला, आणि शास्त्रीय उपकरण सुटलं. सर टेंपोत पेटीशेजारी बसून घरी आले ते खाली मान घालून.

घरी, कारण संस्थेची गच्ची गळत होती आणि तिथे दुरुस्ती चालू होती. संचालक म्हणाले होते, "तात्पुरतं तुमच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवा. ऊनही छान येतं." यावर सर काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

इमारतीच्या सेक्रेटरींनी लगेच सभा बोलावली. सेक्रेटरी पूर्वी विमा कंपनीत होते आणि कुठल्याही वस्तूकडे ती कशी कोसळेल, जळेल किंवा बुडेल या नजरेनं बघत. त्यांनी पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "हिच्यावर वीज पडली तर?" कुणी म्हणालं, पॅनेलं उलटी ठेवा, म्हणजे धूळ बसणार नाही. कुणी म्हणालं, एवढं ऊन ओढून घेतलंत तर आमच्या पाण्याच्या टाकीला काय उरणार? तळमजल्यावरच्या गृहस्थांचा मेहुणा परदेशात असल्यामुळे त्यांना सगळ्याच यंत्रांतलं कळत असे. ते म्हणाले, "तिकडचं एक तयार यंत्र आणायचं सोडून ही कटकट कशाला? तीन गरीब एकत्र आले म्हणून काय श्रीमंत होतात?" सर हसले. ते वाक्य मात्र त्यांना बरेच दिवस लागून राहिलं.

परवानगी मिळाली. सगळ्यांचा एकमेव हट्ट असा होता, की गच्चीवरच्या कपड्यांच्या दोऱ्यांना हात लावायचा नाही. सरांनी तेही मान्य केलं.

मग तो दिवस आला. सरांची बायको खुर्ची घेऊन सावलीत बसली होती. शेजारच्या रस्त्यावरचा फ्रीज दुरुस्त करणारा कारागीर आपली हत्यारांची पिशवी घेऊन आला होता. सरांनी पेटीवरचं आवरण काढलं, कॉम्प्रेसरवरचं काढलं, आणि ते वाकून बघतच राहिले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"भोक डावीकडे आहे."

"मग?"

"नळी उजवीकडे आहे."

बायको उठून आली. तिनं वाकून आधी इकडून पाहिलं, मग तिकडून पाहिलं. "आधी उलटं होतं ना? तुम्हीच सांगत होता, भोक उजवीकडे, नळी डावीकडे."

"हो. दोघांनीही बदललं." सर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. "एकमेकांसाठी."

कारागिराला हसू आवरेना. तो आदबीनं पाठ वळवून हसला. बायको मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आणि तुम्ही कुणाला काही सांगितलंच नसेल." 

दुसरी बैठक पहिलीपेक्षा गोड झाली. बाई म्हणाल्या, चूक आमचीच. प्राध्यापक म्हणाले, मुळीच नाही, दोष आमचा. सर म्हणाले, दोघांचाही नाही, माझाच. इतक्या चढाओढीनं दोष वाटून घेतल्यावर तो कुणाच्याच वाट्याला पुरेसा आला नाही, आणि ठरलं एवढंच, की जे आहे त्यात भागवून घ्यायचं. कारागिरानं तांब्याची लांब नळी आणली आणि ती उजवीकडून काढून, पेटीच्या पाठीमागून वळवून डावीकडे आणली. "जाईल," तो म्हणाला. "पण वाटेत गरम हवेत गारवा सांडणार, साहेब. मी पट्टी गुंडाळतो, पण सांडणार."

पेटी सुरू झाली. हळूहळू थंड झाली. सर नातीला उचलून घ्यावं तशा कौतुकानं झाकण उघडत आणि बंद करत. पण पट्टी गुंडाळूनही ती नळी घाम सोडत होती. घामाचं पाणी साचलं, झिरपलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर डाग उमटला. काकू भल्या बाई होत्या, तक्रार काही केली नाही. त्यांनी फक्त सरांना घरी बोलावून पलंगावर आडवं व्हायला सांगितलं, म्हणजे डाग नीट दिसेल. सर आडवे झाले. डाग नीट दिसला.

काकूंना चादरी धुवायचा नाद होता. गच्चीवर सकाळची सगळी दोरी त्यांच्या चादरींनी भरलेली असे, आणि त्या चादरींची सावली नेमकी पॅनेलांवर पडे. पॅनेलांना ऊन लागायचं ते चादरी वाळल्यावर. "काकूंना सांगा की जरा पलीकडे टाका म्हणून," बायको म्हणाली. सर म्हणाले, "आधीच त्यांच्या छताला डाग पडलाय. आता चादरीही हलवायला सांगू?" त्यापेक्षा ते स्वतः सकाळी वर जाऊन चादरींच्या मधल्या फटीतून येणाऱ्या उन्हाप्रमाणे पॅनेलं सरकवत. एका मोठ्या प्रकल्पाचे प्रमुख चादरींच्या आडून पॅनेल ढकलताना दिसत, तेव्हा समोरच्या इमारतीतले लोक बाल्कनीत येऊन उभे राहत.

आणि मग इमारतीला शोध लागला, की वर एक मोठा रिकामा फ्रीज आहे. आधी कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक आला, फक्त संध्याकाळपर्यंत. मग सेक्रेटरींच्या डोळ्यांत घालायचे थेंब आले. मग तळमजल्यावरच्यांच्या कुत्र्याचं इंजेक्शन आलं. त्यांचा परदेशातला मेहुणा या वेळी कामाला आला नाही. ज्यांनी पेटीवर वीज पडेल म्हणून सभा घेतली होती तेच आता दिवसातून कितीदा तरी झाकण उघडून बघत, की आपली बर्फाची भांडी जमली का. सरांनी एकालाही अडवलं नाही. आतल्या तापमापकाचा काटा कधी खाली जाई, कधी वर येई. लशींना दोन ते आठ अंशांच्या मधेच राहावं लागतं; काट्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

याच सुमाराला संचालकांनी उद्घाटनाचा दिवस ठरवला. संचालक कर्तबगार होते, फक्त त्यांना फीत कापायचा फार नाद होता. त्यांच्या टेबलाच्या खणात त्यांची स्वतःची कात्री असे.

"सगळं ठरलंय," ते म्हणाले. "तुमच्या धाकट्या बहिणीच्या दवाखान्यात पेटी जाईल. आरोग्य खात्यालाही कळवलंय. तुमची पेटी आली की तिथला जुना फ्रीज दुसरीकडे हलवणार, त्याच दिवशी. पाहुण्यांच्या हस्ते लशी आत ठेवायच्या, फोटो, बस्स."

"काटा अजून जरा... डोलतोय," सर म्हणाले.

"दिवसभर नीट राहील ना?"

"दिवसभर... तसा राहील."

"मग झालं तर! पुढचं पुढे बघू. काय?"

"काही हरकत नाही," सर म्हणाले, आणि बाहेर येऊन जिन्यात बराच वेळ उभे राहिले.

उद्घाटनाआधीच्या रविवारी धाकटी स्वतः पेटी बघायला आली. वहिनीशी दोन शब्द बोलून ती थेट गच्चीवर गेली. चादरी बाजूला सारून तिनं पेटीचं झाकण उघडलं. आत केकचा उरलेला तुकडा होता.  तिनं हात आत घातला, तळाशी, कोपऱ्यात, मग झाकणापाशी. मग झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, एक विचारू? माझ्यासाठी म्हणून गोड बोलू नकोस."

"विचार ना."

"जुना नेल्यावर माझ्याकडे एवढंच राहणार. मी यात लशी ठेवू का?"

"काही..." सरांच्या तोंडात शब्द आले होते. तयारच असत ते.

"कसं आहे ना," धाकटी म्हणाली, "फ्रीज बंद पडला तर मला कळतं. मी टाकून देते. वाईट वाटतं, पण ते बरं. हा मात्र बंद पडणार नाही, हा नुसता डोलेल. कुपी बिघडली तरी दिसायला तशीच राहते रे, मलाही बघून कळत नाही. मी टोचेन, बाळ रडेल, त्याची आई मला धन्यवाद देऊन जाईल. आणि आत काहीच गेलेलं नसेल."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं. सरांना तिचं ते फोनवरचं वाक्य आठवलं, 'आज पुन्हा टाकून दिल्या', आणि त्या वाक्यामागे ती किती सावध उभी असते ते पहिल्यांदाच नीट समजलं. आपण तिला मदत करायला निघालो होतो आणि तिची ती सावधगिरीच काढून घेणार होतो. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"नको ठेवूस," ते म्हणाले. "यात ठेवू नकोस."

धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की. ही चांगली नाही झालेली. होऊ शकते. पण अजून नाही."

"मग हे तुझ्या साहेबांना सांगशील?"

"सांगतो."

"दादा..."

"अगं, सांगतो म्हटलं ना!" सर जवळजवळ ओरडले. चादरीपलीकडे काकू चिमटे लावत होत्या, त्या दचकल्या.

दुसऱ्या दिवशीची बैठक शेवटची तयारी म्हणून बोलावली होती. संचालक सरांच्या शेजारीच बसले होते, पडद्यावर आपण नीट दिसतो ना हे बघत. बाईंच्या मागे समुद्र होता, प्राध्यापकांच्या मागे बर्फ. सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. मग सर म्हणाले, "मला हरकत आहे."

"आवाज येत नाहीये," बाई म्हणाल्या.

येणार कसा? ते वाक्य सरांच्या घशातून पहिल्यांदाच जात होतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "मला हरकत आहे! ही पेटी दवाखान्यात जाणार नाही."

संचालकांनी काळजीनं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. "सर, तुम्हाला बरं नाहीये का?"

"मी अगदी बरा आहे. साहेब, दिवसभर नीट राहील असं मी तुम्हाला म्हणालो होतो. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. हिला एकच दिवस टिकायचं नाहीये."  "नळी पेटीला वळसा घालून जाते म्हणून गारवा सांडतो. नळी सरळ जायला हवी. बाई, तुम्ही पेटी पहिल्यासारखी करा. भोक उजवीकडे."

"मग मी नळी पुन्हा डावीकडे घेतो," प्राध्यापक तत्परतेनं म्हणाले. "म्हणजे बाईंना त्रास..."

"नाही!" सर ओरडले. "तुम्ही काहीही करायचं नाही! हात लावायचा नाही! तुमची नळी आता उजवीकडे आहे, ती तिथेच राहील!"

 सरांना वाटलं, आता तीन देशांचे संबंध कायमचे तुटले. एका शांत माणसाच्या हातून असं व्हावं! मग पडद्यावर बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"आमची पहिली पेटी अजून कारखान्यात पडून आहे," त्या म्हणाल्या. "भोक उजवीकडेच आहे तिचं. ती मी मोडली नाही, मन झालं नाही. तुम्हाला खरं सांगू? मोठ्या देशांबरोबर आम्ही पुष्कळ काम केलंय. ते आराखडा पाठवतात आणि आम्ही आमचं बदलतो. तुमच्या सोयीप्रमाणे करू, असं कधी कुणी म्हटलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात. मला इतकं बरं वाटलं, की मी त्याच आठवड्यात बदलून टाकलं."

 प्राध्यापक म्हणाले, "माझंही तेच झालं." आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

 आपण एकटेच भिडस्त आहोत असं सरांना जन्मभर वाटत आलं होतं. दुसऱ्याच्या मापानं वागायची सवय इतक्या लांब, समुद्रापलीकडे आणि डोंगरापलीकडेही आहे, आणि ती त्या माणसांनाही स्वतःचा चांगुलपणा वाटते, याचं त्यांना हसू आलं आणि फार वाईटही वाटलं. तिघंही वाकले होते. एकानं ताठ उभं राहायचं होतं, ते काम कुणालाच माहीत नव्हतं.

संचालकांनी हातातली कात्री खिशात ठेवली. ते नाराज होते. पण बाईंचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. बाहेर पडताना ते म्हणाले, "आरोग्य खात्याला सांगतो, जुना फ्रीज सध्या राहू द्या म्हणून." थोडं पुढे जाऊन ते वळले. "सर, हे मला आधी सांगायचंत ना. मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

गंमत म्हणजे, काकूही तेच म्हणाल्या. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळा धीर गोळा करून चादरी पलीकडच्या दोरीवर टाकायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मला वाटायचं, तुम्हाला सावली हवी असते." सेक्रेटरींनी डोळ्यांचे थेंब परत नेले, कुत्र्याचं इंजेक्शनही गेलं. कुणी रागावलं नाही. सरांना हायसं वाटलं, आणि थोडासा अपमानही. इतकी वर्षं ज्या रागाला भिऊन काढली तो होताच कुठे?

दुसरी पेटी आली. कस्टम्सच्या साहेबांनी सरांना लांबूनच हात केला आणि बोट दाखवलं. पेटीच्या अंगावर, चिकटपट्टीनं, एक थर्मामीटर लावलेला होता. सरांनी सांगितलेला किस्सा लक्षात ठेवून बाईंनी तो तिकडूनच लावून पाठवला होता.

या वेळी नळी सरळ आत गेली. कारागीर नुसता "हां" म्हणाला. सरांनी पेटी गच्चीवर चालवून बघितली, ढगाळ दिवसांतही चालवून बघितली, आणि संचालकांनी दोनदा तारीख विचारली तेव्हा दोन्ही वेळा "अजून नाही" म्हणाले. मग एक दिवस त्यांनी स्वतःहून "आता" म्हटलं. फीत कापली गेली, फोटो निघाले. जुना फ्रीज गाडीत चढवला तेव्हा धाकटी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. 

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, सरांच्या डोक्यावरचा पंखा थांबला. वीज गेली की ती त्यांच्याकडची आणि दवाखान्याकडची एकदमच जायची. सर हातातलं वर्तमानपत्र घेऊन तसेच बसून राहिले. दुपार टळली. घामानं सदरा पाठीला चिकटला. संध्याकाळ झाली, फोन वाजला नाही. शेवटी त्यांनाच राहवेना. त्यांनी फोन लावला.

पलीकडे बाळं रडत होती, बायका मोठ्यानं बोलत होत्या. "दादा, बोल लवकर, फार गर्दी आहे."

"काही नाही गं. वीज गेलीय ना, दुपारपासून. म्हटलं..."

"वीज?" धाकटी म्हणाली. "गेलीय होय? माझं लक्षच नव्हतं."

तिनं गडबडीत फोन ठेवला. वहिनीच्या कंबरेची चौकशीही केली नाही.

सर फोन हातात धरून उभे होते. बायको हातपंख्यानं वारा घेत स्वयंपाकघराच्या दारात आली. "काय म्हणाली धाकटी?"

"काही नाही," सर म्हणाले आणि हसले. "कामात आहे ती."